ब्रेसमधला एक्स-रे आणि वडिलांचा आनंद

मी ऑर्थोटिस्ट आहे, म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते ब्रेस, कॅलिपर आम्ही बनवतो. परवा एका 12 वर्षांच्या मुलीच्या ब्रेसची ट्रायल होती. स्कोलिओसिस, म्हणजे मणक्याला बाजूला बाक, आणि कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला तो बाक, 32 डिग्री. घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरकाकूंनी सांगितलं की हिचा एक खांदा वर आहे, ड्रेस उचलतोय. नंतर डॉक्टरांनी पुढे वाकायला लावलं तर उजव्या फासळ्यांचा उंचवटा लगेच दिसला, कारण यात मणका नुसता बाजूला वाकत नाही, पिळवटतोसुद्धा.

आईचं सारखं एकच, दप्तर जड होतं हो तिचं. दप्तराने नाही होत हे, वाकडं बसण्यानेही नाही, या वयातल्या बहुतेक केसेसमध्ये नेमकं कारण सापडतच नाही.

तर ब्रेस चढवला, पॅड कुठे दाबतंय बघितलं, काखेत टोचत होतं तिथे घासून दिलं, आणि ब्रेस घालूनच एक्स-रे काढून आणायला पाठवलं. 15 डिग्री! वडिलांनी तिथल्या तिथे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "पोरगी बरी झाली". आता काय सांगायचं? मला या कामात हाच क्षण सगळ्यात अवघड जातो. म्हटलं दादा, ब्रेस काढला की बाक बराचसा परत येणार, आपण तो वाढू नये म्हणून धरून ठेवतोय. रिसर (कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून वाढ किती उरलीय ते सांगणारा आकडा) 1 आहे, पाळी अजून यायचीय, म्हणजे उंची भरपूर वाढणार आणि बाक वाढायचा धोका तेव्हाच. 45-50 च्या पुढे गेला की मग रॉड-स्क्रूच्या ऑपरेशनचा विषय निघतो. चेहरा पडला त्यांचा. मग 2013 सालचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास सांगितला, ब्रेसवाल्यांपैकी 72 टक्के मुलं वाढ संपेपर्यंत 50 च्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये 48 टक्केच, आणि रोज सरासरी 13 तासांच्या वर घालणाऱ्यांमध्ये तर 90 टक्क्यांच्या पुढे.

हे सगळं मुलगीच नीट ऐकत होती. डॉक्टरांनी 18 तास सांगितलेत ना, मग उरलेल्या 6 तासांत खो-खो बसतो का, विचारलं तिने. बसतो की, काढून खेळ बिनधास्त.

वडील दारातून परत फिरले, गादी काढून फळीवर झोपवू का? म्हटलं नको हो, गादी राहू दे.