प्लास्टरच्या कवचातलं हाड

आज प्रयोगशाळेत दिवसभर एकच काम, उत्खननातून आलेल्या जीवाश्म हाडाभोवती ते सुखरूप आणण्यासाठी चढवलेलं प्लास्टरचं कवच उघडणं. हाड आणि प्लास्टर यांच्यामध्ये ओल्या कागदाचा थर नीट दिलेला नसला, तर प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि कवच काढताना वरचा पापुद्रा सोबत निघून येतो.

मग भेगांचं काम. पॅरालॉइड बी-७२ ही हाड घट्ट करणारी ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून साधारण ५ टक्क्यांचं द्रावण करायचं आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. कोरडं हाड ते कसं पिऊन घेतं, हे बघत राहावं असं असतं! द्रावण दाट झालं तर आत मुरतच नाही, वर नुसती चकचकीत साय धरते. हाडात ओल असेल तर पांढुरका डाग पडतो. तुकडे जोडायला मात्र तेच रसायन मधासारखं दाट लागतं. सुपरग्लूचा मोह टाळाच. जोड चुकला तर तो सोडवताना हाड मोडतं, बी-७२ मात्र ॲसिटोनने पुन्हा सुटतं.

हाडाला चिकटलेला खडक एअर स्क्राइबने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या कोरणीने, कणाकणाने काढायचा, त्याची थरथरणारी सुई हाडावर रोखायची नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त जपायची ती चिठ्ठी: नमुना क्रमांक, जागा, थर. ती हरवली की हाडाची निम्मी माहिती गेली. म्हणून टेबलावर एका वेळी एकच ट्रे.

आणि झाडलेली माती फेकू नका. बारीक चाळणीतून काढली की उंदराएवढ्या प्राण्यांचे दात त्यातच सापडतात.