४×५ व्यक्तिचित्रांसाठी सॉफ्ट फोकस लेन्स : शोध कुठवर आला

मागील नोंदीतील व्यक्तिचित्रे २१० मिमीच्या प्लाझमॅट, म्हणजे अतिशय रेखीव चित्र देणाऱ्या आधुनिक रचनेच्या लेन्सवर काढलेली होती. त्यांतील रेखीवपणाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. तक्रार आहे ती त्या रेखीवपणाच्या अट्टहासाबद्दल. ४×५ इंची निगेटिव्हवर चेहऱ्याचे प्रत्येक छिद्र मोजता येते, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला असे छायाचित्र दाखवताना आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. म्हणून सॉफ्ट फोकस लेन्सचा शोध सुरू केला, आणि तो आता बऱ्यापैकी मार्गी लागला आहे.

सॉफ्ट फोकस म्हणजे फोकस चुकलेले चित्र नव्हे, किंवा लेन्सपुढे जाळी लावून मिळवलेला धूसरपणाही नव्हे. भिंगाच्या कडेतून येणारे किरण मध्यभागातून येणाऱ्या किरणांपेक्षा लेन्सच्या जवळ एकत्र येतात, या गोलीय विपथनामुळे एका रेखीव प्रतिमेवर दुसऱ्या पसरट प्रतिमेचा तलम थर चढतो. गाभा शाबूत राहतो आणि उजळ भागांभोवती प्रभा पसरते. थोडक्यात, आपण पैसे मोजतो ते एका दोषासाठी. तो दोष आपल्या हातात किती राहतो, त्याला लगाम कशाने घालायचा, आणि तो लगाम आपल्या कॅमेऱ्यावर बसतो का, एवढेच पाहून निवड करावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ‘कोणती लेन्स सर्वांत स्वप्नवत’ या चर्चेतून फारसे काही हाती लागत नाही.

महागडी लेन्स घेण्याआधी हा दोष जवळून पाहावा म्हणून +४ डायॉप्टरच्या साध्या क्लोजअप फिल्टरपासून सुरुवात केली. +४ म्हणजे २५० मिमी नाभीय अंतर, आणि ५८ मिमी व्यासाचा फिल्टर असेल तर एफ/४.३ च्या आसपासची लेन्स तयार होते (एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास; आकडा लहान तितके छिद्र मोठे). फिल्टरची अंतर्वक्र बाजू बसणाऱ्या व्यक्तीकडे ठेवून त्याच्या पुढे काही अंतरावर काळ्या पुठ्ठ्याचे छिद्र लावले. एकोणिसाव्या शतकातील निसर्गचित्रणाच्या साध्या लेन्सची रचना हीच होती. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर, दिसलेले चित्र पाहून मन हरखते, परंतु निगेटिव्ह धुतल्यावर दुसरा दोष समोर येतो. एकाच काचेच्या भिंगात निळा प्रकाश पिवळ्या-हिरव्या प्रकाशापेक्षा लेन्सच्या जवळ एकत्र येतो आणि साध्या क्राऊन काचेत हा फरक सुमारे दोन टक्के, म्हणजे २५० मिमीला जवळपास ५ मिमी भरतो. डोळा पिवळ्या-हिरव्यावर फोकस साधतो. आपल्यापैकी अनेकजण स्वस्त पडते म्हणून वापरतात ती एक्स-रे फिल्म मात्र निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देते. त्यामुळे चित्राचा गाभाच हरवतो आणि उरतो तो नुसता धूर. सर्व रंगांना दाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि पिवळा फिल्टर वापरल्यास गाभा लगेच परत येतो. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी एक्स-रे फिल्म बाजूला ठेवावी, किंवा फोकस साधल्यावर लेन्स त्या हिशेबाने मागे, फिल्मच्या दिशेने सरकवावी.

आता खऱ्या लेन्सकडे. लगाम घालण्याच्या पद्धती मुख्यत्वे तीन आहेत. पहिली म्हणजे भिंगांमधील अंतर बदलणे. डालमायरने १८६६ मध्ये पेटंट घेतलेल्या पोर्ट्रेट लेन्समध्ये मागील भाग फिरवून सौम्यता वाढवता येते. फोइग्टलेंडरच्या युनिव्हर्सल हेलिआरमध्ये मधले भिंग सरकते. कल्पना सुंदर आहे, पण या लेन्स आज संग्राहकांच्या तावडीत आहेत. दुसरी पद्धत छिद्राची : लेन्स उघडी असताना मवाळ, छिद्र लहान करत गेल्यास क्रमाने रेखीव. बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथच्या लेन्स आणि रॉचेस्टरच्या वोलेन्सॅकची व्हेरिटो या घराण्यातल्या. पिंकहॅम अँड स्मिथच्याच एका लेन्सवरून कुक कंपनीने अलीकडच्या काळात २२९ मिमी, एफ/४.५ ची पीएस९४५ काढली. ती ४×५ साठीच बेतलेली आहे आणि शटरसह आली, मात्र तिची किंमत ऐकून मी तो विषय तेथेच मिटवला. तिसरी पद्धत छिद्रांच्या चकतीची. रोडेनस्टॉकची इमागॉन आणि फुजिनॉनची एसएफ मालिका या प्रकारातील आहेत.

एका स्नेह्याकडून ८¾ इंची, म्हणजे २२२ मिमीची एफ/४ व्हेरिटो काही काळ वापरायला मिळाली. ती नुसत्या नळीत होती, शटर नव्हते. आत्याला खिडकीशी बसवले : पांढरे केस, मोत्यांची नथ, गडद हिरवे नऊवारी. एफ/४ वर ग्राउंड ग्लासला लूप (छोटे भिंग) लावून पाहिले तर पापणीची रेघ धुक्यात बुडालेली होती आणि नथीच्या प्रत्येक मोत्याभोवती शेजारच्या मोत्याला गिळणारे वलय होते. छिद्र हळूहळू लहान करताना साधारण एफ/५.६ आणि एफ/६.३ यांच्या दरम्यान पापणी एकदम वर आली, काळी आणि नेमकी, आणि तरीही केसांच्या कडेवरची प्रभा तशीच टिकून होती. एफ/८ च्या पुढे लेन्स जवळजवळ शहाण्या मुलासारखी वागू लागते आणि मग ती वापरण्याचे कारणच उरत नाही. मला हवा असलेला पट्टा इतका अरुंद असल्याचे आधी वाटले नव्हते. त्यामुळे पूर्ण उघडी असताना लेन्स किती मवाळ आहे याला माझ्या लेखी फारसे महत्त्व राहिले नाही. तो अरुंद पट्टा बारकाईने हाताळता येतो की नाही, हे महत्त्वाचे ठरले.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. या लेन्सवर फोकस नेहमी ज्या छिद्रावर चित्र घ्यायचे त्याच छिद्रावर साधावा. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि फोकसची पातळी लेन्सपासून दूर सरकते; एफ/४ वर डोळ्यांवर साधलेला फोकस एफ/८ वर कानांकडे गेलेला आढळतो. ग्राउंड ग्लास अंधारा होतो हे खरे, पण त्याला इलाज नाही. प्रकाशाबाबतही नेहमीची सवय बदलावी लागते. उजळ भागांतील प्रकाश सावल्यांत सांडत असल्यामुळे एरवी कठोर वाटणारी १:४ किंवा १:५ ची प्रकाशयोजना (सावलीच्या बाजूपेक्षा उजळ बाजूला चार-पाच पट प्रकाश) येथे बेताची दिसते, आणि ढगाळ दिवसाचा सपाट उजेड चित्राला नुसते मळकट करतो.

व्हेरिटो आवडूनही ती घेण्याचा विचार सोडला, तो शटरमुळे. २२२ मिमीला एफ/४ म्हणजे ५५ मिमीचा व्यास. कोपल ३ शटरचे तोंड जेमतेम ४५ मिमी. म्हणजे रबरी फुग्याने चालणारे पॅकार्ड शटर आले, ज्याचा झटपट वेग सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास असतो, आणि फ्लॅश जुळवणे हा वेगळा व्याप. मोठ्या लेन्सच्या बाबतीत तर बेलोजच, म्हणजे कॅमेऱ्याचा घडीचा भाताच, आडवा येतो. माझ्या लाकडी फील्ड कॅमेऱ्याचा बेलोज ३५० मिमीच्या पुढे ताणत नाही. चेहरा आणि खांदे १:३ प्रमाणात, म्हणजे फिल्मवर प्रत्यक्षाच्या एक तृतीयांश आकारात, घ्यायचे तर २५० मिमीच्या लेन्सला ३३३ मिमी लागतात, ३०५ मिमीच्या कोडॅक पोर्ट्रेटला मात्र ४०७. एरवी ती साधी, दोन भिंगांची, अतिशय गोड लेन्स आहे. ८×१० वाल्यांनी तिचा जरूर विचार करावा. (१:३ ला एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, सुमारे पाऊण ते एक स्टॉप वाढवावा लागतो, हे नवख्यांसाठी; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.)

अशा रीतीने गाडी २५० मिमीच्या इमागॉनवर येऊन थांबली. इन्सब्रुकमध्ये राहणारे छायाचित्रकार हाइनरिश क्यून आणि म्युनिकचे भिंगतज्ज्ञ फ्रान्झ श्टेबले यांनी १९२० च्या दशकात या रचनेवर काम केले आणि १९३० च्या सुमारास रोडेनस्टॉकने ती इमागॉन या नावाने बाजारात आणली. चिकटवलेल्या दोन भिंगांची एकच जोडी असल्यामुळे रंगांचा दोष बराच आटोक्यात येतो, गोलीय विपथन मात्र हेतुपुरस्सर राखलेले आहे. पुढे बसवायच्या चकतीला मध्यभागी एक मोठे छिद्र आणि त्याभोवती लहान छिद्रांची रांग असते. वरची कडी फिरवली की लहान छिद्रे उघडतात किंवा मिटतात. मधल्या छिद्रातून गाभा येतो, कडेच्या छिद्रांतून प्रभा. म्हणजे दोहोंचे प्रमाण वेगवेगळे ठरवता येते, जे व्हेरिटोत शक्य नाही. छिद्र एक नसल्यामुळे या चकत्यांवर एफ ऐवजी एच आकडे असतात : एच ५.८ ते ७.७, ७.७ ते ९.५ आणि ९.५ ते ११.५. चकती लावलेली असताना शटरमधील छिद्र पूर्ण उघडे ठेवायचे असते. फुजिनॉनच्या चकत्यांतील छिद्रे कायमची उघडी असतात, त्यामुळे मधल्या पायऱ्या मिळत नाहीत. माझा कौल इमागॉनकडे गेला तो यामुळे. उणीवही सांगतो : पार्श्वभूमीत पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसे असतील तर प्रत्येक कवडशाच्या जागी चकतीचीच ठिपक्यांची आकृती उमटते. मला ती खटकते, म्हणून पार्श्वभूमी साधी ठेवणार आहे.

जुनी इमागॉन घेताना काचेच्या मध्यावर एखादा ओरखडा असला तर दुर्लक्ष करता येते, पण कडेने टॉर्च मारून चिकटवणी सुटलेली नाही ना, हे नक्की पाहावे. सौम्यता कडेच्या पट्ट्यातूनच येत असल्यामुळे तेथील इंद्रधनुषी डाग थेट चित्रावर परिणाम करतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही कडेपासूनच शिरते, त्यामुळे सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्याची सोय आधीच करून ठेवली आहे. चकत्यांशिवाय विकली जाणारी इमागॉन स्वस्त दिसते. तिच्या वाटेला जाऊ नये.

मी ठरवलेली लेन्स कोपल ३ मध्ये आहे आणि तिच्यासोबत पहिल्या दोन चकत्या आहेत. तिसरी नाही, त्याची चुटपुट नाही : एच ९.५ च्या पुढे प्रभा इतकी क्षीण होते की त्या कामाला माझी २१० मिमीची लेन्सच बरी. आता एफपी४ फिल्मवर एच ७.७ ते ९.५ ची चकती पूर्ण उघडी, अर्धी मिटलेली आणि पूर्ण मिटलेली अशा स्थितींत त्याच खिडकीशी चित्रे घ्यायची आहेत. निगेटिव्ह ११×१४ इंचांपर्यंत मोठ्या केल्यावरच कोणती स्थिती कायम करायची ते ठरवीन, कारण ग्राउंड ग्लासवर बेताची वाटणारी सौम्यता मोठ्या प्रिंटवर हमखास जास्त दिसते.