५०२ चा आकडा नेमका कोणाचा?

संकेतस्थळ उघडताना पडद्यावर ५०२ किंवा ५०४ असा त्रुटीचा तीन अंकी आकडा दिसला, की बहुतेक जण त्या आकड्याचा अर्थ शोधू लागतात. अर्थ कळायलाच हवा. पण काही लहान मराठी संकेतस्थळांची तांत्रिक देखभाल करताना माझे असे मत झाले आहे की पहिला प्रश्न वेगळा असावा. हा आकडा दिला कोणी?

वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या तयार प्रणालीवर, उभ्या असलेल्या एखाद्या साध्या संकेतस्थळाचा विचार करू. वाचकाच्या ब्राउझरची विनंती बऱ्याचदा आधी क्लाउडफ्लेअरसारख्या मधल्या सेवेकडे जाते, तिथून आपल्या सर्व्हरवरील एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रणालीकडे, त्याच्याकडून पीएचपी या भाषेतला कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडे, आणि पीएचपी गरजेप्रमाणे मारियाडीबी या डेटाबेसकडून माहिती मागवते. यांपैकी डेटाबेस वगळता प्रत्येक जण स्वतःच्या अधिकारात आकडा देऊ शकतो. डेटाबेस बंद असेल तर त्याची बातमी वर्डप्रेस देते आणि तेही ५०० या आकड्याने. त्यामुळे तो आकडा पाहून कोणी एनजिनएक्सची मांडणी तपासत बसला तर वेळ फुकट जातो.

आकडा कोणाचा हे ओळखणे फारसे कठीण नसते. एनजिनएक्सचे मूळ त्रुटिपान पांढरे आणि कोरडे असते व तळाशी त्याचे नाव असते. क्लाउडफ्लेअरच्या पानावर ब्राउझर, क्लाउडफ्लेअर आणि मूळ सर्व्हर अशी तीन चिन्हे असतात. शिवाय ५२१ आणि ५२२ हे आकडे प्रमाणित यादीत नसून क्लाउडफ्लेअरचे स्वतःचे आहेत. ५२१ म्हणजे मूळ सर्व्हरने जोडणी नाकारली, ५२२ म्हणजे जोडणी वेळेत झालीच नाही. सर्वांत भरवशाची खूण मात्र ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, सापडते. त्या वेळेची, त्या पत्त्याची नोंद आपल्या लॉगमध्ये नसेल, तर विनंती आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाही आणि दोष आपल्या आधीच्या टप्प्यावर किंवा वाटेत आहे. शंका उरलीच तर कर्ल या साधनाच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायाने मधली सेवा टाळून थेट मूळ सर्व्हरला तीच विनंती पाठवावी आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

हे आकडे वेबच्या जन्मापासून नव्हते. १९९१ च्या मूळ एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संभाषणाच्या नियमांत, सर्व्हर फक्त एचटीएमएल पाठवत असे आणि चूक झाली तर तीही माणसाला वाचता येईल अशा मजकुरातच सांगितली जाई. उत्तर यशस्वी आहे की फसलेले, हे मजकूर वाचल्याशिवाय कळण्याची सोय नव्हती. १९९६ साली आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात नोंदल्या गेलेल्या एचटीटीपी १.० मध्ये तीन अंकी संकेत दिसतात, आणि आज त्यांची अधिकृत व्याख्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहे. तरीही डेटाबेस कोसळलेला असताना ‘काहीतरी चुकले’ असा मजकूर २०० या यशाच्या आकड्यासह पाठवणारी ॲप्लिकेशन्स आजही लिहिली जातात. ती सरळ १९९१ मध्ये परत जातात, आणि देखरेख करणारी यंत्रणा सगळे आलबेल आहे असे समजून गप्प राहते.

आता ५०२ आणि ५०४. या दोन्ही आकड्यांत एनजिनएक्स केवळ निरोप्या असतो: मागच्याशी जोडणीच झाली नाही किंवा त्याने दिलेले उत्तर धड नव्हते तर ५०२, आणि उत्तर मुदतीत आलेच नाही तर ५०४. खरे कारण एरर लॉगमधील, म्हणजे त्रुटींच्या नोंदवहीतील, त्याच क्षणाच्या ओळीत असते, आणि त्या ओळीतला कंसातला छोटा क्रमांक, म्हणजे लिनक्सने दिलेला त्रुटिक्रमांक, मला पडद्यावरच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. १११, म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, असेल तर त्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या क्रमांकावर, ऐकणारे कोणी नाही. पीएचपी-एफपीएम बंद आहे किंवा दुसऱ्याच पोर्टवर चालू आहे. क्रमांक २ असेल तर एनजिनएक्स पीएचपीशी जोडणीसाठी ज्या सॉकेट फाइलकडे पाहत आहे ती फाइलच तिथे नाही. पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर हे हमखास घडते, कारण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर त्या फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो आणि एनजिनएक्सच्या मांडणीत जुनेच नाव राहते. क्रमांक १३ हा परवानगीचा. सॉकेटची मालकी तपासून झाली आणि तरीही तोच क्रमांक येत असेल, तर रॉकी लिनक्ससारख्या वितरणांवर एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेने वाट अडवलेली असण्याची शक्यता बरीच असते. आणि ११ असेल तर सॉकेट आहे, परवानगी आहे, पण रांग भरली आहे. पीएचपीचे कामकरी, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया, कमी पडत आहेत.

याखेरीज ‘मागच्याने जोडणी मध्येच तोडली’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर पीएचपीची प्रक्रिया काम चालू असताना मेली असे समजावे. अशा वेळी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचावा. मेमरी संपल्यामुळे लिनक्सने एखादी प्रक्रिया ठार केली असेल तर तिथे तशी स्पष्ट नोंद असते, आणि कमी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवर ही नोंद सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. सेवा पुन्हा सुरू केली की संकेतस्थळ उठून उभे राहते आणि सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. पण कारण जागेवरच असते आणि पुढच्या गर्दीला ते पुन्हा डोके वर काढते.

५०४ बाबत माझी एक तक्रार आहे. एनजिनएक्स मागच्याच्या उत्तरासाठी मुळात ६० सेकंद थांबतो, आणि ५०४ आला की ही मुदत ३०० सेकंद करावी असा सल्ला जागोजागी दिला जातो. मोठा अहवाल तयार करणाऱ्या एखाद्या पानासाठी तो योग्यही असेल. सर्वसाधारण लेखाच्या पानाला मात्र एक मिनिट लागणे हाच आजार आहे, आणि मुदत वाढवल्याने तो बरा होत नाही; प्रत्येक अडकलेली विनंती पीएचपीचा एक कामकरी धरूनच ठेवते. डेबियनच्या मूळ मांडणीत असे कामकरी जास्तीत जास्त पाच असतात. पाच जण अडकले की सहाव्या वाचकाची विनंती रांगेत जाते, मग ते पान कितीही हलके असो. त्यापेक्षा पीएचपी-एफपीएमचा स्लो लॉग चालू करावा: ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारी विनंती कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत अडकली आहे ते त्यात लिहिले जाते. बहुधा डेटाबेसमधील अनुक्रमणिका (इंडेक्स) नसलेल्या तक्त्यावरची एखादी क्वेरी किंवा बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहणारे एखादे प्लगइन सापडते.

माणसे एक मिनिट थांबत नाहीत, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. वाचक वैतागून पान बंद करतो तेव्हा एनजिनएक्स आपल्या लॉगमध्ये ४९९ लिहितो. हा आकडा प्रमाणित नाही आणि तो कोणाच्याही पडद्यावर दिसत नाही, कारण तो पाहायला समोर कोणी उरलेलेच नसते. ५०४ ची पहिली तक्रार येण्याच्या बऱ्याच आधी ४९९ च्या नोंदी वाढू लागतात, म्हणून मी त्यांच्यावर डोळा ठेवतो.

५०३ मला या साऱ्यांत सभ्य वाटतो. तो सेवा तात्पुरती उपलब्ध नाही असे सांगतो आणि किती वेळाने परत यावे हेही सोबत कळवू शकतो. वर्डप्रेस स्वतःला अद्ययावत करताना मूळ फोल्डरमध्ये ‘मेंटेनन्स’ नावाची, टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवते आणि तेवढा वेळ ५०३ देते. काम मध्येच तुटले तर ती फाइल तशीच राहते. दहा मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करते, पण घाई असेल तर ती हाताने काढून टाकली तरी चालते.

चारशेच्या घरातले आकडे विनंतीकडे बोट दाखवतात, आणि त्यांतले काही चटकन उलगडतात. ४१३ आला तर चढवलेली फाइल एनजिनएक्सच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे; ही मर्यादा मुळात फक्त १ एमबी असल्यामुळे दिवाळी अंकाची पीडीएफ तिच्यात बसणे कठीणच. ४०३ मध्ये फाइलची परवानगी सगळे पाहतात, पण तिच्या वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी नसते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

४०४ मात्र मराठी संकेतस्थळांवर खास त्रास देतो. फाइल सर्व्हरवर डोळ्यांना दिसते, नाव अक्षरशः तेच असते आणि तरीही उत्तर येते ४०४. सर्व्हर खोटे बोलत नसतो. तो नावे बाइट जुळवून तपासतो, आणि आपण ती डोळ्यांनी वाचतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र एका कीबोर्डवर ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा उमटतो, तर दुसऱ्या कीबोर्डवर साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइटांचे क्रम वेगळे असल्यामुळे लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या फाइली ठरतात. एकाने थेट सर्व्हरवर चढवलेल्या पीडीएफचा दुवा दुसऱ्याने हाताने टाइप केला, की हा ४०४ मिळतो. ॲक्सेस लॉगमधला टक्केचिन्हांनी भरलेला पत्ता आणि फाइलचे खरे नाव बाइट-बाइट ताडून पाहिल्याशिवाय ही गोष्ट उघड होत नाही.

त्यात लांबीची अडचणही आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तही, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्त्यात लिहिताना त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यातील नावासाठी २०० अक्षरांची मर्यादा ठेवते, त्यामुळे मराठी शीर्षकातली जेमतेम २२ चिन्हे त्यात मावतात आणि उरलेले शीर्षक कापले जाते. म्हणून मी फाइलींची नावे रोमन लिपीत आणि लेखांचे पत्ते दोन-तीन शब्दांचे ठेवण्याचा आग्रह धरतो. जुने पत्ते बदलताना नव्या पत्त्याकडे ३०१ ने वळवणे आवश्यक असते, आणि जो मजकूर कायमचा काढला आहे त्यासाठी ४१० द्यावा, म्हणजे शोधयंत्रांनाही तो परत येणार नाही हे स्पष्ट कळते.