पेशींना थोडा ताप झालेला चालतो

गार पाण्याने आंघोळ करा, उपास करा, थोडा स्ट्रेस चांगला असतो म्हणे, असं हल्ली रीलवाले उठसूट सांगतात. माणसांचं राहू दे, पण पेशींच्या बाबतीत यामागे खरंच सॉलिड सायन्स आहे आणि ते भारी आहे.

आपलं ब्रेडचं यीस्ट घ्या. २५ डिग्रीला वाढलेलं थेट ५० ला टाकलं तर बहुतेक पेशी मरतात, पण आधी थोडा वेळ ३७ ला ठेवून मग ५० ला नेलं तर कितीतरी जास्त जगतात!

याचा धागा सापडला तो इटलीतल्या एका लॅबमध्ये. फेरुच्चो रितोसा नावाचा संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली जाडजूड गुणसूत्रं बघत होता, कुणीतरी इनक्युबेटरचं टेंपरेचर वाढवून ठेवलेलं, आणि याला भलत्याच जागी फुगवटे दिसायला लागले. फुगवटा म्हणजे तिथलं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रोटीन्स) सैल होऊन जीन जोरात सुरू झालेले. पेपर आला १९६२ ला. त्या जीन्समधून हीट शॉक प्रोटीन्स (एचएसपी), म्हणजे उष्णतेत पेशीला सावरणारी प्रोटीन्स, बनतात हे कळायला १९७४ उजाडलं.

मला सगळ्यात आवडतो तो यातल्याच एचएसपी-७० या प्रोटीनचा जीन. फळमाशीत त्याच्यावर पॉलिमरेज, म्हणजे जीन वाचून त्याची आरएनए प्रत काढणारं यंत्र, आधीच येऊन बसलेलं असतं, डीएनएची २०-४० अक्षरं वाचून थांबलेलं, सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षासारखं. उष्णतेने पेशीतली प्रोटीन्स उलगडायला लागली की ती सावरायला एचएसपी धावतात, त्यामुळे त्यांनी एरवी अडवून ठेवलेला एचएसएफ (हे जीन सुरू करणारं प्रोटीन) मोकळा होतो, तीन-तीन एचएसएफ एकत्र येऊन जीनजवळ चिकटतात आणि पॉलिमरेज सुटतं. त्याच्या वाटेतले न्यूक्लिओसोम (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रोटीनचे गोळे) तर ते पोचायच्या आतच, अर्ध्या मिनिटात विस्कटतात.

झाडांचं अजून वेगळं. अरबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं एक रोपटं आहे, त्याला एकदा उष्णतेचा चटका बसला की काही जीन्सजवळच्या हिस्टोनवर, म्हणजे त्या गोळ्यांच्या प्रोटीनवर, मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा पडतात, जीन बंद झाला तरी त्या काही दिवस टिकतात, आणि तेवढ्यात परत चटका बसला तर तोच जीन आणखी जोरात चालतो.

मग पेशी ही हीट शॉक प्रोटीन्स कायमच का बनवत नाही? कारण परवडत नाही. फळमाशीच्या पेशींना उष्णता नसतानाही एचएसपी-७० बनवायला लावलं तर त्यांची वाढच मंदावते, आणि त्या ते प्रोटीन गोळा करून बाजूला सारतात तेव्हा कुठे परत वाढायला लागतात.