सरांनी शिकवलेला 'दाऊ'

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. आठवीपर्यंत धडे कसेबसे उलगडायचे, पण जुनी कविता आली की 'यू'चा 'दाऊ' व्हायचा, 'युअर'चा 'दाय', 'हॅव'चा 'हॅस्ट'. गाइडात एका ओळीत निकाल लावलेला असे: दाऊ म्हणजे यू, फक्त काव्यात वापरतात.

आमच्या इंग्रजीच्या सरांना हे पटत नसे. त्यांनी विचारलं, "घरी आईला काय म्हणता?" तू. "आणि वडिलांना?" तुम्ही. "मग इंग्रजांकडेही एके काळी हीच रीत होती. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही." 'यू' मुळात अनेकवचनी. फ्रेंचांचं पाहून इंग्रज तो एकट्या मोठ्या माणसालाही लावू लागले. आपल्या व्याकरणातलं आदरार्थी बहुवचन ते हेच!

पुष्कळांना अजूनही 'दाऊ' हा भारदस्त, मानाचा शब्द वाटतो. बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात देवाला दाऊ म्हटलं आहे, त्याचा हा परिणाम असावा. पण तिथे समोर एकटा असला की दाऊच, मग तो देव असो वा चाकर. "तुकोबा विठ्ठलाला अहो-जाहो करतात का?" एवढंच सरांनी विचारलं आणि वर्गाला सगळं कळलं.

इंग्लंडचा दर्यावर्दी सरदार वॉल्टर रॅले याचा खटला आमचे सर रंगवून सांगत. १६०३मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून तो उभा असताना सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याला 'दाऊ' म्हणाला, आणि तसं म्हणतोय हे बजावूनही सांगितलं. सरदाराला अरे-तुरे! पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळी माणसं सारखी म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणू लागले आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला. एकच शब्द, पण कोण कोणाला म्हणतो यावर सगळं अवलंबून, हे मला तिथे कळलं.

पुढे इंग्लंडात सगळेच एकमेकांना 'यू' म्हणू लागले. उत्तरेकडच्या यॉर्कशरसारख्या काही भागांच्या बोलीत तेवढा 'दाऊ'चा 'दा' उरला.

आज मी इंग्रजी कथांचं भाषांतर करतो. दोन अनोळखी माणसं प्रेमात पडतात, तेव्हा नेमक्या कोणत्या पानावर 'तुम्ही'चं 'तू' करायचं, हे मूळ मजकुरात नसतं. ते ठरवताना मी त्यांची प्रत्येक भेट पुन्हा वाचतो, आणि सरांची फार आठवण येते.