काठीची सावली

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मी एका दूरचित्रवाणी मालिकेविषयी लिहावे, हे काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची विश्वाविषयीची ‘कॉसमॉस’ आणि आपली शाळा या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या काढता येत नाहीत. १९८० साली अमेरिकेत प्रथम प्रसारित झालेली ही तेरा भागांची मालिका त्याच दशकात दूरदर्शनवर आली, तेव्हा मी माध्यमिक वर्गात होतो. इंग्रजी निवेदन निम्म्याहून अधिक आमच्या डोक्यावरून जाई, आणि ती उणीव आमचे विज्ञानाचे सर पुढच्या तासाला भरून काढत.

पहिल्याच भागात एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची हकीकत होती. इजिप्तमधल्या सायीन येथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर माध्यान्ही उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात मात्र ती पडते, एवढ्यावरून या माणसाने सुमारे २२०० वर्षांपूर्वी पृथ्वीचा परीघ काढला. सेगन यांनी नकाशाला बाक देऊन त्यावरच्या दोन छोट्या खांबांच्या सावल्या दाखवल्या, तेव्हा भाषा न कळताही मुद्दा कळला.

सरांनी तेवढ्यावर थांबू दिले नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने आपल्याकडे बिनसावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले. जुलैत आभाळाचा भरवसा नसतो, म्हणून मे महिना ठरला. सुट्टी होती, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला होता, तरी आम्ही काही मुले ओळंब्याने सरळ उभी केलेली एक मीटरची काठी घेऊन मैदानावर जमलो, आणि बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तिची सावली बुडाशी विरून गेली. हैदराबादच्या माझ्या मामेभावाला मी आधीच पत्र पाठवले होते. त्याच दुपारी त्याच्या तेवढ्याच काठीची सावली दक्षिणेकडे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर पडली. म्हणजे सुमारे पावणेचार अंशांचा फरक, आणि दोन शहरांमधले सरळ अंतर नकाशावर सुमारे ४२० किलोमीटर. त्या प्रमाणात पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांसाठी गुणाकार केला तेव्हा उत्तर ४० हजार किलोमीटरच्या अगदी जवळ आले. पाठ्यपुस्तकातला आकडा आपणही काढू शकतो, ही जाणीव मला त्या दुपारी झाली आणि ती पुढे कधीच गेली नाही.

मी खगोलशास्त्रज्ञ झालो नाही. पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाचे काम केले. तिथे मला सर्वाधिक उपयोगी पडला तो तिसऱ्या भागातला खगोलशास्त्रज्ञ केप्लर. मंगळाच्या वर्तुळाकार कक्षेचे गणित आणि टायको ब्राहेच्या आकाशनिरीक्षणाच्या नोंदी यांत अवघ्या आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक येत होता. केप्लरने तो दुर्लक्षिला नाही, उलट वर्षानुवर्षे जपलेले वर्तुळच सोडून दिले आणि लंबवर्तुळापर्यंत पोहोचला. पातळीच्या नोंदी जुळत नसत तेव्हा आकडे ‘बसवून’ घेण्याचा आग्रह करणारे कमी नसत. अशा वेळी मी मोजणी पुन्हा करायला लावत असे.

दहाव्या भागात सेगन तमिळनाडूत येतात आणि ब्रह्मदेवाच्या ८६४ कोटी वर्षांच्या अहोरात्राचा उल्लेख करतात. आपल्याकडे हा उतारा अभिमानाने सांगितला जातो, मात्र आधुनिक विश्वविज्ञानाशी हे मेळ खाणे निःसंशय योगायोगाचे आहे, असे त्यांनी त्याच वाक्यात म्हटले होते, ते बहुधा गाळले जाते. ते गाळू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या परंपरेविषयीचा त्यांचा आदर आणि त्यांची सचोटी त्या एकाच वाक्यात एकत्र आहेत.

आज नागपुरात रमण विज्ञान केंद्र आहे, तारांगण आहे, आणि विश्वाचे वय त्या मालिकेतल्या १५ अब्जांऐवजी १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. मालिकेतले काही आकडे जुने झाले, हे सेगन यांना रुचलेच असते. सातव्या भागात ते ब्रुकलिनमधल्या आपल्या बालपणीच्या शाळेत जातात आणि मुलांना ग्रहांची छायाचित्रे वाटून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. माजी विद्यार्थ्याने शाळेला काय द्यावे, याचा विचार करताना मला तो वर्ग आठवला. म्हणून व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात एक मीटर उंचीची लोखंडी शलाका कायमची बसवावी आणि माध्यान्हीच्या सावलीची नोंदवही मुलांकडे सोपवावी. शलाकेचा व चौथऱ्याचा खर्च मी करीन, आणि हैदराबादच्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहारही आनंदाने करून देईन.