बरोब्बर निम्मे

निकालाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाच्या खिडकीवर काय काय ऐकायला लागतं, ते मला पाठ झालंय. 'एकच मार्क कमी पडलाय', 'फोटो चुकलाय', 'आईचं नाव चुकलंय'. त्या दिवशी खाकी शर्टातले एक गृहस्थ उभे होते. एसटीत कंडक्टर. विनंती बदली घेऊन विदर्भातून आमच्या भागात आलेले. मागे मुलगी, बी.एस्सी. दुसरं वर्ष.

"मॅडम, तिसऱ्या सेमला ८.००, चौथ्याला ९.००. मग खाली हे सव्वाचार कुठून आलं?"

सवयीने तोंडात आलं, "बॅकलॉग असेल."

"एकही विषय राहिला नाही," मुलगी पहिल्यांदा बोलली.

मार्कशीट हातात घेतली. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी, ४.२५. पहिलं वर्ष दुसऱ्या विद्यापीठातलं, म्हणून त्या सगळ्या विषयांपुढे ग्रेडच्या रकान्यात 'टी', म्हणजे ट्रान्सफर. इथल्या दोन सेमिस्टरची सरासरी ८.५०. सव्वाचार म्हणजे त्याचे बरोब्बर निम्मे. पोरगी खरंच कच्ची असती तर आकडा इतका नेटका आला नसता. मी दोघांना आत बसवलं आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडायला घेतलं.

हिशेब तसा सरळ आहे. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट, म्हणजे ग्रेडचे दहापैकी गुण, गुणिले त्या विषयाची क्रेडिट, म्हणजे त्याचं ठरलेलं वजन, सगळ्याची बेरीज, आणि भागिले एकूण क्रेडिट. तिची तिकडची क्रेडिट ४४, इथली ४४, मिळून ८८. इथले पॉइंट ३७४. आमच्या सॉफ्टवेअरने ३७४ ला ८८ ने भागलं होतं. 'टी'ची किंमत त्याच्या लेखी शून्य, नापासाच्या 'एफ'सारखी. क्रेडिट मात्र भागाकारात धरलेली.

कंडक्टरसाहेबांनी पाकीट स्वतःकडे वळवून घेतलं. "म्हणजे किलोमीटर दोन्ही फेऱ्यांचे धरले आणि कलेक्शन एकाच फेरीचं! असं वेबिल मी दिलं तर डेपोत मला उभं करतील."

मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. मोबाइलवर चारही सेमिस्टरचे एसजीपीए, म्हणजे एकेका सेमिस्टरची सरासरी, मिळवून चारने भागले आणि म्हणाले, "८.०३ द्या की." हीसुद्धा चूकच, फक्त गोड. तिकडच्या पहिल्या सेमिस्टरला २० क्रेडिट होती आणि एसजीपीए ८.१०, दुसऱ्याला २४ आणि ७.००. जास्त क्रेडिटच्या सेमिस्टरचं वजन जास्त. त्यामुळे तिकडचे पॉइंट १६२ अधिक १६८, म्हणजे ३३०. त्यात आपले ३७४ मिळवले की ७०४. भागिले ८८, बरोबर ८.००. सरांनी दोनदा करून पाहिलं आणि चहा मागवला.

मुलगी मात्र वेगळंच घेऊन बसली. "मॅडम, तिकडचं धरूच नका ना. मग ८.५० होतं."

तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत असंच चालतं. बाहेरून आणलेली क्रेडिट पदवीसाठी मोजतात, ग्रेड मात्र सरासरीत धरत नाहीत. आमच्या विद्वत परिषदेचा ठराव वेगळा आहे : क्रेडिटही धरायची, ग्रेड पॉइंटही. मी तिला ठरावाची फाइलच दाखवली. आता यातही एक खोच आहेच. यूजीसीच्या तक्त्यात 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, असं उतरत 'पी'ला ४ येतं. पण 'ओ' किती मार्कांना, हे सगळीकडे सारखं नाही. कुठे ८० ला मिळतो, कुठे ९० गाठावे लागतात. एकाच पेपरातले ८२ मार्क गाव बदललं की दहाचे नऊ होऊ शकतात. ठरावात यावर अवाक्षर नाही. मी तीनदा टिपण पाठवलंय. ते कुठल्या टेबलावर आहे, मला माहीत आहे.

२०२१ पासून क्रेडिटची बँक आली. विद्यार्थ्याच्या खात्यात क्रेडिट जमा, जास्तीत जास्त सात वर्षं टिकणार, हवी तिथे न्यावीत. बँक आहे ठीक, पण खातं उतरवून घेणारा आमचाच संगणक.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. "मॅडम, 'टी'ला पॉइंट जोडायचे राहिले असतील," तो इतक्या सहज म्हणाला, जणू भाजीत मीठ राहिलं. दुपारी दुरुस्ती झाली. जुन्या मार्कशीटवर 'रद्द'चा शिक्का मारताना मुलगी बघत होती. नवीवर ८.०० पाहून वडील म्हणाले, "पुरे झालं." ती काही बोलली नाही, अर्धा पॉइंट तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

ते गेल्यावर मला बसवेना. 'टी' असलेले सगळे काढले. या वर्षीचे पाच, त्यांच्या मार्कशीट थांबवता आल्या. मागच्या वर्षीच्या तिघी मात्र निम्मे आकडे मुकाट्याने घरी घेऊन गेल्या होत्या. एकीनेही खिडकीवर येऊन विचारलं नव्हतं. संध्याकाळी रजिस्टर उघडून फोन लावले. तिसरीला काही केल्या पटेना. मी पुन्हा सगळा हिशेब सांगितला. तेव्हा म्हणाली, "मला वाटलं मॅडम, बाहेरून आलेल्यांचं कापतात."